कार्ड जळलं नव्हतं

सिंदेवाही तालुक्यातल्या एका बचत गटाच्या आम्ही बाया बोलतो आहोत. धुऱ्यावर बसून ऐकत असाल, चुलीपुढे ऐकत असाल, गटाच्या सभेत रेडिओ मधोमध ठेवून ऐकत असाल, हाताशी वही-पेन असेल तर घ्या. आज थोडं लिहून घ्यायचं आहे.

विषय आहे लॅपटॉपचं वाय-फाय. म्हणजे वायर न लावता लॅपटॉपवर इंटरनेट कसं आणायचं, आणि ते चालेनासं झालं तर काय पाहायचं. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, "हे पोट्ट्या-पोट्ट्यांचं काम, आम्हाला काहून सांगता?" आम्हीही अगदी असंच म्हणत होतो. त्या म्हणण्यापायी गटाचे अडीच हजार रुपये जाणार होते. पण पैशापेक्षा मोठी एक गोष्ट होती. ती आधी सांगतो.

आमच्या गटानं साठवलेल्या पैशातून एक जुना लॅपटॉप घेतला. गटाचा हिशेब, हातसडीच्या तांदळाची बिलं, बँकेला द्यायचे कागद आणि गावातल्या लेकरांचे अर्ज, अशी कामं त्यावर चालायची. इंटरनेट मोबाइलवरून घ्यायचो. एक दिवस लॅपटॉप फारच हळू चालू लागला, म्हणून एका दुकानात दिला. तिथं त्यात नवीन विंडोज टाकून दिलं. घरी आणला तर चालतो मस्त, पण वाय-फायची खूणच गायब. परत घेऊन गेलो. दुकानात उलटापालटा करून सांगितलं, "वाय-फायचं कार्ड जळलं. नवीन टाकावं लागेल. अडीच हजार रुपये, आणि आठ दिवस ठेवून जा."

आठ दिवस थांबायला वेळ नव्हता. आमच्यातल्या एकीच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि तारीख दोन दिवसांवर आली होती. मोबाइलवर करून पाहिलं. पान अर्धंच उघडे, दाखले जोडताना फाइल मोठी आहे म्हणून नाकारे. शेवटी मुलगी, तिची आई आणि सोबतीला एक काकू अशा तिघी शहरात गेल्या. रांग होती, मधेच लाइन गेली, सर्व्हर बसला. अर्ज गेला तेव्हा दिवस बुडाला होता. गावाकडे येणारी शेवटची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या गाडीनं फाट्यापर्यंत आल्या आणि फाट्यापासून गावापर्यंत पायी निघाल्या. रस्ता जंगलातून.

आपल्या भागात सांजेनंतर त्या रस्त्यानं पायी चालणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मोह आणि तेंदूच्या दिवसांत आपल्याच तालुक्यातल्या बाया वाघाच्या तोंडी गेल्या आहेत. त्या तिघी एकमेकींचा हात धरून, मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावून, टाळ्या वाजवत चालत आल्या. घरी पोचल्या. काही झालं नाही. पण काकूंनी उंबऱ्यावर बसून पाणी प्यायलं आणि एवढंच म्हणाल्या, "लॅपटॉप घरी असून आपण अंधारात काहून फिरतो वो?"

त्या प्रश्नानं आम्हाला कामाला लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या लॅपटॉपभोवती बसलो. ती मुलगी, आणि आम्ही आठ-नऊ जणी. दोन सांजा लागल्या. त्यात कळलं की कार्ड जळलंच नव्हतं. ते जिवंत होतं, जागच्या जागी होतं. नवीन विंडोजला त्याच्याशी बोलता येत नव्हतं, एवढंच. मोबाइलच्या चार्जरच्या वायरनं ते काम झालं. खर्च शून्य.

दुकानदार लबाड होता की त्यालाही माहीत नव्हतं, ते आम्हाला ठाऊक नाही आणि त्यावर आज बोलायचंही नाही. आपल्याला माहीत नव्हतं, ही आपली बाजू. ती आपण सुधारू शकतो. म्हणून आम्ही जे शिकलो ते पायरी-पायरीनं सांगतो.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते समजून घेऊ. लॅपटॉपच्या पोटात, खालच्या झाकणाखाली, एक लहानशी पातळ हिरवी किंवा काळी पट्टी असते. अंगठ्याएवढी. तिला दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात, बहुधा एक काळी, एक पांढरी. या वायरी बिजागरीतून वर जातात आणि पडद्याच्या कडेला लपलेल्या अँटेनांना मिळतात. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही पट्टी वेगळी नसते, मुख्य पाटीवरच चिकटवलेली असते.

आणि बायांनो, हे कार्ड म्हणजे दुसरं काही नाही, एक छोटा रेडिओ आहे. तुम्ही आत्ता आम्हाला ज्या रेडिओवर ऐकता आहात तो 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या लहरी पकडतो. वाय-फायचं कार्ड 2400 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पकडतं, आणि नवीन कार्ड 5000 मेगाहर्ट्झच्या वरच्याही पकडतं. फरक दोन. एक, तुमचा रेडिओ नुसता ऐकतो, हे कार्ड ऐकतं आणि बोलतंही. दुसरा फरक जोराचा. सामुदायिक रेडिओला 100 वॅटपर्यंतच्या ताकदीनं आवाज पाठवता येतो, म्हणून तो चार गावं ओलांडतो. कार्डाचा जोर वॅटच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहून कमी. म्हणून वाय-फाय घरातल्या घरात, फार तर अंगणापर्यंत चालतं. भिंत आली की अडखळतं.

या लहरी कोणाच्या, हाही प्रश्न आपल्या देशात विचारला गेला आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे 2002 साली शिक्षणसंस्थांना, आणि 2006 साली सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालवायची वाट मोकळी झाली. म्हणून आज आपण इथं बोलतो आहोत. तसंच 2005 साली केंद्र सरकारनं 2400 मेगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायसारख्या कमी जोराच्या यंत्रांसाठी विनापरवाना खुला केला. त्यामुळे घरात वाय-फाय लावायला तुम्हाला कोणाकडून लायसन आणावं लागत नाही. हवा आपली आहे. ती वापरायला शिकायचं तेवढं बाकी आहे.

आता पायऱ्या. लिहून घ्या.

पहिली पायरी, विमानाची खूण. लॅपटॉपच्या अगदी वरच्या ओळीतल्या बटणांवर बारीक चित्रं असतात. त्यात एकावर विमानाचं किंवा लहरी सोडणाऱ्या खांबाचं चित्र असतं. ते बटण चुकून दाबलं की सगळं वाय-फाय बंद होतं. पुसताना दाबलं जातं, लेकरं दाबतात. ते एकदा दाबून पाहा. नाही झालं तर डाव्या कोपऱ्यातलं एफ-एन लिहिलेलं बटण धरून ते दाबा. फार जुन्या लॅपटॉपला कडेला एक सरकवायचा खटका असतो, तोही पाहा. काही लॅपटॉपमध्ये त्या बटणावर दिवा असतो. नारिंगी किंवा लाल दिसला तर बहुधा बंद, पांढरा किंवा निळा दिसला तर चालू.

दुसरी पायरी, पडद्याचा खालचा उजवा कोपरा. जिथं घड्याळ दिसतं, त्याच्या शेजारी. तिथं एकावर एक कमानी असलेली, उघड्या पंख्यासारखी खूण दिसली तर वाय-फाय चालू आहे. विमान दिसलं तर विमानाची अवस्था लागली आहे, त्यावर क्लिक करून ती काढा. पृथ्वीचा गोळा दिसला तर लॅपटॉप कशालाच जोडलेला नाही. त्या खुणेवर क्लिक करा. आत वाय-फाय लिहिलेला चौकोन दिसला तर तो दाबून चालू करा. तो चौकोनच नसेल तर पुढे चला.

तिसरी पायरी, रीस्टार्ट. इथं आमची मोठी चूक होत होती. आम्ही लॅपटॉप शटडाउन करायचो, पुन्हा लावायचो, आणि म्हणायचो, बंद करून पाहिलं. पण हल्लीच्या विंडोजमध्ये शटडाउन केल्यावर ते पूर्ण झोपत नाही. लवकर उठता यावं म्हणून अर्धं काम आठवणीत ठेवतं, आणि आठवणीतली चूकही तशीच राहते. रीस्टार्ट केलं की सगळं पुसून नव्यानं सुरू होतं. म्हणून शटडाउन नाही, रीस्टार्ट. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्म्या अडचणी घरीच सुटतील.

चौथी पायरी, डिव्हाइस मॅनेजर. नाव मोठं आहे, पण ही नुसती हजेरीची वही आहे. लॅपटॉपच्या पोटात कोण-कोण हजर आहे त्याची यादी. खाली विंडोजच्या चार चौकोनांच्या खुणेवर माउसचं उजवं बटण दाबा. यादी उघडते, त्यात डिव्हाइस मॅनेजर असतं. ते उघडा. त्यात नेटवर्क ॲडाप्टर्स नावाची ओळ शोधा आणि तिच्या बाजूचा बाण दाबा. वायरलेस, वाय-फाय किंवा 802.11 असं काही लिहिलेली ओळ म्हणजे आपलं कार्ड. पुढे इंटेल, रियलटेक, क्वालकॉम, मीडियाटेक असं बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. 802.11 हा आकडा वाय-फायच्या नियमांचा आहे. त्या नियमांची पहिली प्रत 1997 साली निघाली. आकडा पाहून घाबरू नका, ती त्याची ओळख आहे.

इथं चारपैकी एक गोष्ट दिसेल.

एक, नाव आहे आणि कुठलीही खूण नाही. मग कार्ड ठीक आहे. दोष बहुधा बटणात, सेटिंगमध्ये किंवा मोबाइलमध्ये.

दोन, नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण आहे. म्हणजे कोणीतरी ते बंद केलं आहे. नावावर उजवं बटण दाबून एनेबल म्हणा. झालं.

तीन, पिवळी उद्गाराची खूण दिसते. किंवा अदर डिव्हाइसेस नावाच्या ओळीखाली नेटवर्क कंट्रोलर असं लिहून पिवळी खूण येते. आमचं हेच होतं. ही खूण दिसली की घाबरण्यापेक्षा हायसं वाटायला हवं. कारण लॅपटॉप सांगतो आहे, "दारात कोणीतरी आलं आहे, पण त्याची भाषा मला येत नाही." कार्ड पुरतं मेलं असेल तर बहुतेक वेळा ते हजेरीत दिसतच नाही.

चार, नावच नाही आणि पिवळी खूणही नाही. मग कार्ड सैल झालं असेल किंवा खरंच गेलं असेल. तेव्हा दुकान.

आता तिसऱ्या गोष्टीचा उपाय. त्याला म्हणतात ड्रायव्हर टाकणं. ड्रायव्हर म्हणजे काय? आपल्याकडे गोंडीच बोलणारी आजी बँकेत जाते. बँकेतल्या मॅडमला गोंडी येत नाही. आजी आहे, मॅडम आहे, पैसे आहेत, तरी काम अडतं. मधे दोन्ही भाषा येणारी नात उभी राहिली की काम होतं. आजी म्हणजे कार्ड, मॅडम म्हणजे विंडोज, आणि नात म्हणजे ड्रायव्हर. दुकानात नवीन विंडोज टाकलं तेव्हा जुनी नात निघून गेली. नवीन बोलवायची राहिली होती.

पण ड्रायव्हर येतो इंटरनेटवरून, आणि लॅपटॉपवर इंटरनेट यायला ड्रायव्हर पाहिजे. विहिरीत उतरायला दोर हवा, आणि दोर विहिरीत पडला आहे, अशी गत. यातून वाट अशी. मोबाइल आणि लॅपटॉप चार्जिंगच्या वायरनं जोडा. वायर नुसती चार्जिंगची नको, जिच्यातून फोटो लॅपटॉपमध्ये जातात तशी हवी. मोबाइलचा डेटा चालू ठेवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट जिथं असतं तिथंच यूएसबी टेदरिंग असं लिहिलेलं असतं. ते चालू करा. थोड्या वेळात लॅपटॉपला वायरीतून इंटरनेट मिळतं. त्याला वाय-फायच्या कार्डाची गरजच लागत नाही.

मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज अपडेट उघडा आणि चेक फॉर अपडेट्स दाबा. खाली ऑप्शनल अपडेट्स दिसलं तर तेही उघडून पाहा, ड्रायव्हर पुष्कळदा तिथं असतो. तो निवडून उतरवून घ्या आणि रीस्टार्ट करा. आमच्याकडे या सगळ्याला पाऊण तास गेला, कारण नेटवर्क एक रेघ होतं. पण रीस्टार्ट झाल्यावर कोपऱ्यात पंखा उमटला. काकूंनी तो बोटानं दाखवला तेव्हा आम्ही सगळ्या खरोखर टाळ्या वाजवल्या.

तिथं ड्रायव्हर मिळाला नाही तर लॅपटॉप उलटा करा. खालच्या चिठ्ठीवर मॉडेलचं नाव आणि नंबर असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून वाय-फायचा ड्रायव्हर घ्या. इथं एक सावधगिरी. इंटरनेटवर शोधलं की, "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर, फुकट," अशा जाहिराती येतात. त्यांना हात लावू नका. त्यातून नको ते लॅपटॉपमध्ये शिरतं आणि मग गटाच्या हिशेबाची फाइलही सुरक्षित राहत नाही.

कार्ड खरंच गेलं असेल तरी एक स्वस्त वाट आहे. पेनड्राइव्हसारखा दिसणारा वाय-फायचा छोटा तुकडा मिळतो. त्याला यूएसबी ॲडाप्टर म्हणतात. खोचला की वाय-फाय सुरू. आतलं कार्ड बदलण्यापेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो, लॅपटॉप उघडावा लागत नाही, आणि उद्या दुसऱ्या लॅपटॉपलाही लावता येतो.

आता कार्ड सुरू झालं असं धरू. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडायचा. इथं पुन्हा तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिलं, हॉटस्पॉट चालू आहे, दुसऱ्या मोबाइलला दिसतं, पण लॅपटॉपला दिसत नाही. जुनं कार्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे मघाशी सांगितलेल्या 2400 मेगाहर्ट्झच्या लहरी ऐकतं. नवीन मोबाइल कधीकधी 5 गिगाहर्ट्झवर बोलतो. एक जण एका स्टेशनावर बोलते, दुसरी दुसरं स्टेशन लावून बसली आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड असं लिहिलेलं असतं, तिथं 2.4 करा. मातीच्या जाड भिंतींतूनही 2.4 जरा बरं जातं.

दुसरं, दिसतं पण पासवर्ड बरोबर टाकूनही जोडलं जात नाही. हॉटस्पॉटच्या सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए-3 असेल तर जुन्या कार्डाला ते कुलूप उघडत नाही. तिथं डब्ल्यूपीए-2 करा. मग लॅपटॉपवर त्या नावापुढे फरगेट म्हणून पुन्हा नव्यानं जोडा.

तिसरं, जोडलं गेलं, पण खाली लिहून येतं, कनेक्टेड, नो इंटरनेट. इथं आम्ही फार वेळ वाया घालवला. आता आम्ही ते बोडीवरून समजून घेतो. बोडीतून पाट, पाटातून बांधीत पाणी. टॉवरवरून मोबाइलमध्ये येतं ते बोडीचं पाणी. मोबाइलवरून लॅपटॉपमध्ये जातं तो पाट. कनेक्टेड म्हणजे पाट साफ आहे. नो इंटरनेट म्हणजे बोडी कोरडी आहे. मग पाट कितीही उकरून काय उपयोग? लॅपटॉपला हात लावू नका. मोबाइल पाहा. डेटा चालू आहे का, दिवसाचा डेटा संपला का, नेटवर्कच्या रेघा आहेत का.

म्हणून मोबाइल तुमच्याजवळ नाही, जिथं टॉवर पकडतो तिथं ठेवा. खिडकीत, माळ्यावर, ओसरीच्या खांबाला कापडी पिशवीत बांधून. लॅपटॉप त्याच्यापासून दहा-पंधरा फुटांवर असला तरी चालतं. मधे पत्रा किंवा लोखंडी कपाट नको, लहरी त्याच्यावर आपटून मागे फिरतात. आमच्या गटाचा मोबाइल खिडकीच्या गजाला टांगलेला असतो, आणि आम्ही आत बसून काम करतो. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत वाय-फाय असेल तर तिथला पासवर्ड रीतसर विचारून घ्या. नियम तेच लागू पडतात.

आणखी दोन लहान गोष्टी, पण फार उपयोगाच्या.

एक, डेटाची गळती. लॅपटॉपला मोबाइलचं इंटरनेट मिळालं की त्याला वाटतं, पाण्याला तोटा नाही. तो स्वतःहून मोठमोठे अपडेट उतरवू लागतो आणि दीड जीबी तासाभरात संपतं. त्यासाठी सेटिंगमध्ये त्या वाय-फायच्या नावावर जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करा. म्हणजे पाटाला झडप बसली. पण झडप कायम बंद ठेवू नका. अपडेटमध्ये सुरक्षेची औषधं असतात. महिन्यातून एक दिवस, नेटवर्क चांगलं असेल तिथं, ती उघडून अपडेट होऊ द्या.

दुसरी, तारीख. जुन्या लॅपटॉपच्या पोटातला बटणासारखा छोटा सेल संपला की लॅपटॉप तारीख विसरतो. वाय-फाय ठीक, इंटरनेट ठीक, तरी सरकारी वेबसाइट आणि बँकेची वेबसाइट उघडत नाही, सुरक्षित नाही असा इशारा देते. कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष पाहा. चुकलं असेल तर बरोबर करा. आम्ही एकदा अर्धा दिवस यातच घालवला. लॅपटॉपच्या लेखी तेव्हा कितीतरी वर्षांपूर्वीचा जानेवारी चालू होता, आणि बाहेर तर धान कापणीला आला होता.

आता सुरक्षेचं. हॉटस्पॉटचा पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा मोठा ठेवा. एक ते आठ आकडे ओळीनं नको, स्वतःचा मोबाइल नंबर नको. आपल्या मनातली दोन-तीन नावं जोडून करा, जसं धान, बोडी, मोह, आणि मधे एखादा आकडा. आम्ही आत्ता सांगितलेलाच ठेवू नका, सगळ्या तालुक्यानं ऐकला आहे. काम झालं की हॉटस्पॉट बंद. नवीन वाय-फायला जोडताना लॅपटॉप विचारतो की बाकीच्यांना हा लॅपटॉप दिसू द्यायचा का. नाही म्हणा. रेल्वे स्टेशन, बस स्टँड किंवा दुकानातल्या उघड्या वाय-फायवर बँकेचं काम करू नका. आणि वाय-फाय जोडून देतो म्हणून कोणी मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तर तो तिथंच थांबवा. आपलं हॉटस्पॉट जोडायला ओटीपी लागत नाही.

लॅपटॉप दुकानात न्यावाच लागला तर ताठ मानेनं न्या. जाण्याआधी मॉडेल आणि नंबर वहीत लिहून ठेवा. गटाच्या फाइलींची पेनड्राइव्हवर नक्कल घ्या. दुकानात डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवायला सांगा आणि विचारा, "भाऊ, कार्ड हजेरीत दिसतं का? पिवळी खूण आहे का? ड्रायव्हर टाकून पाहिला का?" आम्ही हे तीन प्रश्न विचारतो. कार्ड बदललं तर जुनं कार्ड परत मागा आणि बिल घ्या. नवीन विंडोज टाकून घेतलं तर तिथंच उभं राहून वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा चालतो का ते पाहूनच पैसे द्या. बाजारात धान विकताना आपण काटा पाहतो की नाही? तसंच हे.

शेवटचं सांगतो. आमच्या गटातल्या काकू, ज्या त्या रात्री उंबऱ्यावर बसल्या होत्या, त्या शाळेत गेलेल्या नाहीत. इंग्रजी सोडा, मराठीही त्यांना अडखळत वाचता येतं. त्या मुलीनं आम्हाला एका पुठ्ठ्यावर खुणा काढून दिल्या. विमान, पंखा, गोळा, खाली तोंडाचा बाण, पिवळी उद्गार. प्रत्येकीसमोर काय करायचं त्याचं छोटं चित्र. काकूंना तो पुठ्ठा पाठ आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या टोल्यावरची एक बाई लॅपटॉप घेऊन आली, म्हणाली, वाय-फाय गेलं, उद्या शहरात नेते. काकूंनी पडदा पाहिला, विमानाचं बटण दाबलं, आणि पंखा उमटला. बाई म्हणाली, "एवढंच होतं?" काकू म्हणाल्या, "एवढंच असते माय. पण एवढ्यासाठी आपण फाट्यावरून चालत येतो."

सगळीच कामं घरून होतात असं नाही. अंगठ्याचं काम, मूळ कागद दाखवायचं काम यासाठी जावंच लागतं. नेटवर्क नसलेली गावं आपल्या जंगलात आजही आहेत, आणि तिथल्या टॉवरची मागणी ग्रामसभेत उचलून धरणं हे वाय-फायच्या बटणाइतकंच आपलं काम आहे. पण जे काम घरून होतं, ते न शिकल्यामुळे एकाही बाईला सांजेनंतर त्या रस्त्यावर चालावं लागू नये, एवढी आमची इच्छा आहे.

म्हणून एक विनंती. पुढच्या गटसभेत लॅपटॉप असेल त्या गटानं तो मधोमध ठेवा आणि प्रत्येकीनं एकदा तरी विमानाचं बटण बंद-चालू करून पाहा, डिव्हाइस मॅनेजर उघडून आपल्या कार्डाचं नाव वहीत लिहा. ज्या गटाकडे लॅपटॉप नाही, त्यांनी शेजारच्या गटाकडे जा. पुठ्ठा तयार करा. पोट्टी करून देईल, पण हात तिचा एकटीचा नको, सगळ्यांचा लागू द्या. कारण ती उद्या शिकायला बाहेरगावी जाईल. तिच्या आईला तर लॅपटॉप लावता आला पाहिजे ना?

आमचं बोलणं इथं थांबवतो.